जनावर कुणाचं?

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास दिसते. मोकाट जनावर आडवं आलं, दुचाकी आदळली, चालक जागीच ठार. दोन-चार दिवसांनी तिचा पुढचा भाग छापून येतो आणि तो पहिल्यांदा वाचणारा दचकतो: ‘भरधाव व हयगयीने वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याप्रकरणी मृत दुचाकीस्वारावर गुन्हा दाखल.’ जनावराचा उल्लेख त्यात असतो, कधीकधी त्याचा रंगही असतो. मालकाचं नाव नसतं.

पोलिसांनी मयताची थट्टा केलेली नसते. अपघात झाला, माणूस गेला, तर कागद तयार व्हावा लागतो, आणि कागदाला आरोपी लागतो. आरोपीच मयत असल्यानं प्रकरण तिथंच संपतं. घरच्यांना फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मिळतो. विम्यासाठी हे कागद लागतात, म्हणून नातेवाईकही काही बोलत नाहीत. जनावर कुणाचं, हा एकच प्रश्न कुणी विचारत नाही. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

एक उदाहरण घेऊन चालू. समजा, सिन्नरच्या एमआयडीसीत दुसरी पाळी संपवून पंचविशीतला एक मुलगा रात्री साडेअकराला नाशिक-पुणे महामार्गानं संगमनेरकडे निघालाय. गाडी वडिलांच्या नावावर. पावसाची भुरभुर. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर, आणि दुभाजकाच्या फटीपाशी होल्स्टिनचा एक काळा-पांढरा गोऱ्हा बसलेला. बसलेलं जनावर दिसायला उभ्यापेक्षा वाईट; दुचाकीचा खालचा दिवा पोचेपर्यंत ते डांबराचाच भाग असतं.

गोऱ्हा तिथं का बसला, हे गुरं पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. पावसात गोठ्यात चिखल, माश्या, गोचीड. रस्ता उंचावर असतो, लवकर सुकतो, दिवसाची ऊब धरून ठेवतो आणि गाड्यांच्या वाऱ्यानं माश्या बसत नाहीत. जनावराच्या हिशेबानं पंचक्रोशीतली सगळ्यात चांगली जागा तीच. आणि तो होल्स्टिनचाच का, याचाही हिशेब सरळ आहे. दूध काढायचं तर गाय विणार. विणार तर निम्मे गोऱ्हे होणार. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, उन्हात तो टिकत नाही, औताला कुणी घेत नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या मार्चपासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. बंदी योग्य की अयोग्य यावर वाचकाचं मत पक्कं असेलच, मी ते बदलायला बसलेलो नाही. पण बाजारात ज्याला गिऱ्हाईक नाही आणि गोठ्यात ज्याला वैरण परवडत नाही, ते जनावर कुठं जातं, याचं उत्तर रात्रीच्या रस्त्यावर दिसतं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात अशी सुमारे पन्नास लाख मोकाट गुरं मोजली गेली.

आपल्या उदाहरणातला मुलगा गेला असं धरू. आता घरच्यांनी भरपाई मागायची कुणाकडे?

पहिलं नाव सुचतं ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं. तिथं कोर्ट फी नाममात्र, प्रक्रिया सुटसुटीत, समोर विमा कंपनी असल्यानं पैसे मिळण्याची खात्री. पण या न्यायाधिकरणाचं दार मोटार वाहनाच्या वापरातून दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीसाठी आहे. समोरची गाडी नसेल आणि आपणच आपल्या गाडीचे चालक असलो, तर कायद्याच्या नजरेत आपण ‘तिसरा पक्ष’ नसतो. गाडी दुसऱ्याची असली तरी सुटका नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल आहे आणि तोही आपल्या शेजारचाच, साड्यांमुळे मराठी घरांत ओळखीच्या असलेल्या इलकलचा. एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन निघाला होता. पुढं लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी होती, तिच्याशी अपघात झाला आणि तो गेला. न्यायालयानं म्हटलं, ज्यानं गाडी मागून घेतली तो मालकाच्या जागी उभा राहतो. मालक स्वतःच्याच विम्याकडून तिसऱ्या पक्षाची भरपाई मागू शकत नाही. वडिलांची गाडी चालवणाऱ्या मुलाचं गणितही हेच.

मग उरतो तो विमा पॉलिसीतला वैयक्तिक अपघात संरक्षणाचा भाग. २०१८ पासून त्याची रक्कम पंधरा लाख आहे. वाचकांनी आपली पॉलिसी काढून पाहावी, त्यात ‘मालक-चालक’ असे दोन शब्द जोडून आलेले असतात. म्हणजे गाडी ज्याच्या नावावर, तोच चालवत असला पाहिजे आणि त्याच्याकडे परवाना पाहिजे. आपल्याकडे गाडी बापाच्या नावावर, हप्ते थोरल्याच्या पगारातून आणि चालवणारा धाकटा, ही घरोघरची रीत आहे. पंधरा लाखांचं ते कलम अशा घरात कागदावरच राहतं. कुटुंब शेतकऱ्याचं असेल, सातबाऱ्यावर नाव असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळू शकतात. रस्ता अपघात तिच्यात बसतो. हे दोन लाख सोडू नयेत. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे वेळेत अर्ज केला नाही म्हणून हे पैसे बुडतात.

आता नाणं उलटं करून बघा. तोच गोऱ्हा नाही, दुभती गाय. आणि दुचाकी नाही, मोटार. गाय मेली. गाय ही मालकाची मालमत्ता. मोटारीच्या वापरातून तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याच न्यायाधिकरणाचं दार गाईच्या मालकाला उघडं आहे. दावा मंजूर होईलच असं नाही, गाय रस्त्यावर मोकळी का होती हे विचारलं जाईल. पण दार उघडं आहे. व्यवहारात तिथवर जायची वेळही येत नाही. अपघातानंतर दहा मिनिटांत माणसं जमतात, गाय कुणाची ते लगेच कळतं, ती किती लिटरची होती हेही कळतं, आणि मोटारवाल्याचं पाकीट रस्त्यावरच उघडतं. गाय मेली तर मालक हजर. माणूस मेला तर गाय मोकाट.

जबाबदारी मालकाची की आणखी कुणाची, हा प्रश्न काही महामार्गांबरोबर आलेला नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात व्यवहाराचे, म्हणजे खटल्यांचे, जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यात एक धनी आणि गुराखी यांच्यातल्या वादाचा आहे. मनुस्मृतीचा नियम असा की दिवसा जनावराची जबाबदारी गुराख्याची आणि रात्री ते धन्याच्या घरी बांधलेलं असेल तर धन्याची. रात्रीच्या अपघातांना हा नियम आजही चपखल बसतो. पण त्याच ठिकाणी सवलतीही आहेत. विऊन दहा दिवस न झालेली गाय, वळू आणि देवाला सोडलेली जनावरं यांच्याबद्दल दंड नाही.

ती देवाची सवलत इंग्रजी राजवटीतही कोर्टाला पुरून उरली. श्राद्धात सोडलेला वळू कुणी पळवला, तर ती चोरी होते का, असा प्रश्न १८८० च्या दशकात अलाहाबादच्या न्यायालयापुढे आला. उत्तर आलं, नाही. धर्माच्या रीतीनं मोकळा सोडलेला वळू कुणाच्याच मालकीचा उरत नाही, आणि जे कुणाचं नाही ते चोरता येत नाही. १८९० मध्ये कलकत्त्यानं तसंच म्हटलं. मद्रासचं मत निराळं पडलं: देवळाला दिलेला वळू देवळाच्या मालमत्तेत जमा, तो चोरला तर चोरीच. ही निव्वळ कायद्याची कीसकाढ वाटेल. पण चोरीच्या प्रश्नाला जे उत्तर, तेच नुकसानीच्या प्रश्नाला लागू पडतं. अलाहाबादचा वळू कुणाला उडवेल तर दावा कुणावर? मद्रासचा उडवेल तर निदान देवस्थानाचे विश्वस्त तरी सापडतात. भाकड गाय आणि होल्स्टिनचा गोऱ्हा सोडणारे कसलीही पूजा न करता अलाहाबादचा मार्ग धरतात.

ज्या देशाकडून आपण नुकसानभरपाईचा कायदा घेतला, त्या इंग्लंडनं हा घोळ कसा निस्तरला ते पाहण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात दिव्यांवर झाकणं लावायची सक्ती असताना मध्यरात्रीनंतर एक सायकलस्वार रस्त्यावर आलेल्या घोड्यावर आदळला. १९४७ साली छापलेल्या त्या निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं, रस्त्याकडेच्या जमीनमालकावर कुंपण घालण्याचं बंधन नाही. पाळीव जनावर रस्त्यावर आलं तर वाटसरूनं सांभाळून जावं. ज्या काळात हा नियम घडला त्या काळी रस्त्यावर चालणारे, बैलगाडी हाकणारे आणि गुरं एकाच चालीनं जात होते. मोटारी वाढल्या, तसा तो नियम हास्यास्पद होत गेला आणि १९७१ च्या प्राणी कायद्यानं तो मोडीत काढला.

खरी कसोटी लागली १९९६ च्या ऑगस्टमध्ये. डेव्हन परगण्यात एका शेतातले तीन घोडे रात्री कशाला तरी बुजले. कशाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. विजेचं कुंपण आणि त्यापलीकडचं लाकडी कुंपण तोडून ते दुभाजक असलेल्या महामार्गावर पोचले आणि घरी निघालेल्या एका माणसाच्या गाडीवर आदळले. माणूस गंभीर जखमी झाला. कुंपण पुरेसं होतं, मालकांची हयगय नव्हती, असं खालच्या कोर्टानंच धरलं होतं. तरी २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन अशा मतांनी मालकांना जबाबदार धरलं. बुजलेला घोडा असाच सैरावैरा धावतो, हे पाळणाऱ्याला ठाऊक असतं. मग घोडा पाळण्याची जोखीम पाळणाऱ्याची, अनोळखी वाटसरूची नव्हे. दोन न्यायाधीशांना हे पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणंही टाकाऊ नाही. सगळी काळजी घेणाऱ्यानं आणखी काय करायचं?

संगमनेर-जुन्नरच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. उसातला बिबट्या गोठ्याशी आला की गुरं दावी तोडतात. दिवाळीत गल्लीतल्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावला तरी तोडतात. हा शेतकरी आणि दूध आटलं म्हणून फाट्यावर गाय सोडून येणारा, या दोघांना एका मापानं मोजणं मला तरी पटत नाही. आपला कायदा तसं मोजतही नाही. तो हयगय सिद्ध करा म्हणतो. अडचण अशी की हयगय सिद्ध करायला आधी माणूस सापडावा लागतो.

हयगयीला शिक्षा मात्र लिहून ठेवलेली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड एक हजार. महाराष्ट्र पोलीस कायद्यात गुरं रस्त्यावर मोकाट सोडल्याबद्दल वेगळी शिक्षा आहे. आणि जनावर टाकून देणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्याचा पहिल्या वेळचा दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. पन्नास रुपयांत हल्ली वैरणीच्या किती पेंढ्या येतात, ते ज्यांच्या दारात गुरं आहेत त्यांना विचारा.

फौजदारी नको, पैसे हवेत, असं म्हटलं तर दिवाणी दावा करता येतो. मृत्यू झाला असेल तर १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आहे, मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी, वकील, तारखा. आणि पहिल्याच तारखेला प्रतिवादीचं उत्तर ठरलेलं: ते जनावर माझं नाही.

इथं कोंडवाड्याची आठवण होते. १८७१ साली इंग्रजांनी गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. पुढं कोंडवाड्याची तरतूद १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात आली. कल्पना साधी होती. दुसऱ्याच्या पिकात किंवा रस्त्यावर सापडलेलं जनावर कोंडायचं, मालकानं दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यायचं, कुणी आलंच नाही तर लिलाव. या पद्धतीतली खरी हुशारी पावती पुस्तकात होती. मालकाला स्वतः येऊन जनावर आपलं असल्याचं कबूल करावं लागे. म्हणून पूर्वी पळकुट्या जनावराच्या गळ्यात लोढणं दिसायचं. धन्याला कोंडवाड्याच्या खेपा नको असायच्या.

आज बहुतेक गावांत जा आणि कोंडवाडा विचारा. दगडी भिंतीची एक चौकट दाखवतील. आत बाभळी, तुटलेलं फाटक, कोपऱ्यात ग्रामपंचायतीची जुनी पाण्याची टाकी, किंवा थेट त्या जागेवर व्यायामशाळा. हे ओस पडायचं कारण नुसता आळस नाही. कोंडलेलं जनावर सोडवण्यापेक्षा सोडून देणं मालकाला स्वस्त झालं आणि भाकड जनावराच्या लिलावाला बोली लागेना, तेव्हा चाऱ्याचा बोजा पंचायतीवर पडला. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं देशी गाईला राज्यमाता घोषित केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागं रोज पन्नास रुपये अनुदान जाहीर केलं. आपल्या उदाहरणातला गोऱ्हा त्यातही बसत नाही. तो देशी नाही, गायही नाही.

पण कोंडवाड्याचं पावती पुस्तक जे काम करायचं, ते आता जनावराच्या कानात आहे. पिवळ्या प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर बारा अंकी नंबर. हा नंबर ‘भारत पशुधन’ प्रणालीत मालकाच्या नावावर आणि गावावर चढवलेला असतो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही असा आदेश आहे. जनावराच्या विम्यालाही बिल्लाच आधार. बिल्ला नाही तर दावा नाही, हे दूध उत्पादकाला तोंडपाठ असतं. विमा उतरवलेली गाय मेली की पशुवैद्यकाच्या दाखल्यात तो नंबर आधी लिहिला जातो. मग रस्त्यावर माणूस मारून पडलेल्या जनावराच्या कानाकडे पंचनाम्यात कुणी का पाहत नाही? गाडीचा नंबर, चेसिस नंबर, टायरच्या खुणा, दुभाजकापासूनचं अंतर, हे सगळं लिहून होतं. ‘एक काळ्या-पांढऱ्या रंगाचे जनावर’ इथं पंचनामा थांबतो.

बिल्ला हा रामबाण नाही. सोडायचंच ठरवलेला माणूस कात्रीनं तो कापूनही सोडेल. जबाबदारी जेवढी कडक कराल तेवढ्या कात्र्या चालतील. म्हणून नुसती शिक्षा वाढवून भागणार नाही, आणि सगळा भार मालकावर टाकूनही नाही.

इतर राज्यांत काय चाललंय? गुजरातनं २०२२ मध्ये शहरांतल्या गुरांवर परवान्याचा कायदा विधानसभेत संमत केला. गुरं पाळणारा मालधारी समाज रस्त्यावर उतरला आणि काही महिन्यांत विधेयक मागं घ्यावं लागलं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं वेगळी दिशा धरली. २०२३ मध्ये १९३ याचिका एकत्र निकाली काढताना त्यानं सांगितलं की मोकाट जनावरांमुळं झालेल्या अपघातात भरपाई देण्याची प्राथमिक जबाबदारी सरकारची. जिल्ह्याजिल्ह्यात उपायुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमा, चार महिन्यांत रक्कम ठरवा, आणि दोषी सापडला तर त्याच्याकडून सरकारनं ती वसूल करावी. त्याच वर्षी पंजाबनं मृत्यूसाठी पाच लाखांचं धोरण केलं. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरची गुरं हटवा, गस्ती पथकं ठेवा, मदत क्रमांकाचे फलक लावा, असा आदेश देशभरासाठी दिला.

महाराष्ट्राचं चित्र मात्र विचित्र आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मेला तर वनविभाग २०२३ पासून पंचवीस लाख देतो. खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं जीव गेला तर सहा लाख द्या, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावलं. बिबट्याला दर आहे, खड्ड्यालाही दर आहे. त्या खड्ड्याशेजारी बसलेल्या गोऱ्ह्याला नाही. रस्ता त्याच खात्याचा, रात्र तीच, मेलेला माणूसही तसाच घरी निघालेला.

मला विचाराल तर पंजाब-हरियाणाचा निकाल महाराष्ट्रानं उचलावा आणि त्याला आपल्या बिल्ल्याची जोड द्यावी. आधी सरकारनं घरच्यांना पैसे द्यावेत, ठरलेल्या मुदतीत. मग बिल्ल्यावरून मालक शोधून, हयगय दिसली तर, वसूल करावेत. विम्याच्या दाव्यांत ‘आधी भरा, मग वसूल करा’ हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी वर्षानुवर्षं वापरलं आहे. दोन गाईंवर संसार चालवणाऱ्याला पाच लाखांची वसुली परवडणार नाही हे उघड आहे. त्यावरही उपाय आहे. पशुधन विम्याच्या हप्त्यात शेतकऱ्याचा वाटा केंद्र सरकारनं २०२४ मध्ये पंधरा टक्क्यांवर आणला आहे. याच पॉलिसीत जनावरानं दुसऱ्याचं केलेलं नुकसान जोडा. मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे, तर पाचशे किलोच्या जनावराला निदान ऐच्छिक तरी असू द्या. बिबट्यामुळं दावं तुटलेल्या शेतकऱ्याला त्याचा आधार होईल. आणि नको झालेलं जनावर तालुक्याच्या ठिकाणी, दंड न भरता, नाव लिहून जमा करता येईल अशी जागा ठेवा. ती जागा नसेल तर फाटा आहेच.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या ओळखीत असा अपघात झाला, तर दवाखान्याची धावपळ सुरू असतानाच एका माणसाला घटनास्थळी पाठवा. जनावराचा, त्याच्या कानाचा आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचा मोबाइलवर फोटो काढायला सांगा. सकाळपर्यंत ते जनावर तिथं नसेल. पंचनाम्यावर पंच म्हणून सही करणार असाल तर बिल्ल्याचा बारा अंकी नंबर त्यात लिहून घ्या, बिल्ला नसेल तर ‘बिल्ला नाही, कान कापलेला’ असं लिहायला लावा. फिर्यादीत कलम २९१ घालण्याची मागणी लेखी करा आणि अर्जाची पोच घ्या. आणि ज्यांच्या दारात गुरं आहेत त्यांनी आज रात्री झोपण्याआधी दावं ओढून बघावं.